शुद्धलेखनाचा दंडुका आणि जोतीराव फुले

महात्मा जोतीराव फुले यांच्यावर त्यांच्या हयातीत झालेले बहुतेक आरोप आपल्याला पाठ आहेत. ते मिशनऱ्यांच्या नादी लागले आहेत, धर्म बुडवायला निघाले आहेत, ब्राह्मणद्वेष्टे आहेत, असे बरेच काही बोलले गेले. जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत त्यांची उत्तरेही दिली जातात. एक आरोप मात्र आपल्या भाषणांतून सहसा सुटतो. या माणसाला धड मराठी लिहिता येत नाही, असा तो आरोप होता. त्यांच्या पुस्तकांतल्या व्याकरणाच्या चुका काढून त्यांची जाहीर थट्टा झाली, आणि पुढची कित्येक वर्षे त्या थट्टेच्या आधारावर त्यांचे लेखन वाङ्मयाच्या पंगतीत बसवायचेच नाही, असा रिवाज पडला.

आज हा विषय काढण्याचे कारण आहे. आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली आता लिहू लागली आहेत. मोबाइलवर का होईना, पण स्वतःच्या नावाने लिहीत आहेत. गावातल्या अन्यायावर, वसतिगृहातल्या जेवणावर, अडकलेल्या शिष्यवृत्तीवर लिहितात. त्याखाली येणाऱ्या पहिल्या प्रतिक्रियेत पुष्कळदा मजकुराबद्दल एक शब्द नसतो. आधी ऱ्हस्व-दीर्घ शिका, पानी नव्हे पाणी, असा शेरा असतो. असे शेरे मारणाऱ्यांत परके असतात तसे आपलेही शिकलेले लोक असतात. आम्ही युवकांसोबत काम करतो तेव्हा अशा एका शेऱ्यानंतर लिहिणेच सोडून दिलेली मुले आम्हाला भेटतात. म्हणून या प्रश्नाकडे जोतीरावांच्या आयुष्यातून पाहावे असे आम्हाला वाटते. लिहिण्यातल्या चुकांना महत्त्व आहे की नाही, असेल तर किती, आणि त्या काढणाऱ्याचा हेतू काय, हे तिन्ही प्रश्न त्यांच्या आयुष्यात समोरासमोर उभे राहिले होते.

नावापासूनच सुरुवात करू. जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण, मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यामुळे घराण्याला फुले हे नाव पडले. मुलाचे नाव ठेवले ते वाडी रत्नागिरीच्या जोतिबावरून, म्हणजे शेतकरी-मेंढपाळांच्या दैवतावरून. ते स्वतः आपले नाव जोतीराव असे लिहीत. पुढे शिकल्या-सवरलेल्या लोकांना हे नाव अशुद्ध वाटू लागले. त्यांनी त्याला संस्कृतचा य जोडून ज्योतिराव, ज्योतिबा करून टाकले. आजही कित्येक फलकांवर, पुस्तकांवर आणि आपल्याच कार्यक्रमांच्या पत्रिकांवर ते ज्योतिबा असतात. म्हणजे शुद्ध करायला गेलेल्यांनीच त्यांचे नाव चुकवले, आणि ते चुकले आहे असे कोणाला वाटतही नाही.

आई चिमणाबाई मूल वर्षाचे व्हायच्या आत वारल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवले. सातव्या वर्षी ते मराठी शाळेत जाऊ लागले. शूद्राच्या मुलाने शिकून काय करायचे, असे वडिलांच्या, गोविंदरावांच्या कानावर घातले गेले आणि शाळा सुटली. मुलगा मळ्यात कामाला लागला. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली नसती, तर हा मुलगा मळ्यातच राहिला असता. १८४१ मध्ये ते पुन्हा शाळेत गेले ते स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत, आणि १८४७ पर्यंत तिथे शिकले. थॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक त्यांनी याच काळात वाचले.

हा तपशील आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. ज्या वयात हात वळणावर येतो, कोणता शब्द कसा लिहायचा हे डोळ्याला सवयीचे होते, त्याच वयात या मुलाच्या हातात खुरपे होते. घरात पोथी नव्हती, पाठांतर नव्हते. जी मराठी त्यांच्याजवळ होती ती मळ्यातली, मंडईतली आणि शेजारपाजारची. म्हणजे ज्या भाषेची पुढे थट्टा झाली ती त्यांच्या आळसातून आलेली नव्हती. शाळेचे दार कोणी बंद केले होते, याचा पुरावा त्या भाषेत होता.

१८४८ मध्ये त्यांनी बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. लोकांच्या दबावापुढे गोविंदराव नमले आणि दोघांना घर सोडावे लागले. तरी १८५१ मध्ये अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात पुन्हा मुलींची शाळा उभी राहिली. महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या.

या शाळांच्या इतिहासात दोन माणसे येऊन जातात, आणि आपल्या विषयासाठी ती महत्त्वाची आहेत. पहिले दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८३६ मध्ये त्यांनी मराठीचे व्याकरण छापले, ज्यामुळे त्यांना पुढे मराठीचे पाणिनी म्हटले गेले. १८५१ मध्ये सरकारी शाळांचे अधिकारी म्हणून ते जोतीरावांची मुलींची शाळा तपासायला आले होते. दुसरे मेजर थॉमस कँडी. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. १८५० मध्ये विरामचिन्हांवर पुस्तिका लिहून त्यांनी स्वल्पविराम, पूर्णविराम मराठीत रुजवायला हातभार लावला. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला, तो याच कँडींच्या हातून.

मराठीचे व्याकरण बांधणारा आणि मराठीला विरामचिन्हे देणारा, असे दोघेही जोतीरावांच्या शाळांपर्यंत आले. व्याकरणाशी जोतीरावांचे वैर नव्हते. ते शिक्षक होते. मुलींना आणि महार-मांगांच्या मुलांना अक्षर गिरवायला, बरोबर वाचायला, बरोबर लिहायला शिकवणे हेच त्यांचे आणि सावित्रीबाईंचे रोजचे काम होते.

त्या कामाचे फळही लवकर दिसले. शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मातंग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला, आणि १८५५ मध्ये तो ज्ञानोदयात छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असा सरळ सवाल या शाळकरी मुलीने त्यात केला. तीनेक वर्षे शाळेत गेलेल्या मुलीच्या वहीत एखादा ऱ्हस्व-दीर्घ इकडचा तिकडे झाला असेलही. शाळेने तिला आधी व्याकरण पुरे कर, मग प्रश्न विचार, असे सांगितले असते तर तो निबंध लिहिलाच गेला नसता, आणि पेशवाईतल्या महार-मांगांच्या छळाची आतून सांगितलेली एक साक्ष आपल्याला कायमची मुकली असती.

त्याच वर्षी, १८५५ मध्ये, जोतीरावांनी तृतीय रत्न हे नाटक लिहिले. भोळ्या कुणबी नवरा-बायकोला जोशी कसा लुबाडतो आणि शिक्षणाने त्यांचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. मराठी ग्रंथांना उत्तेजन देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे त्यांनी ते पाठवले. कमिटीने ते नाकारले. मूळची ही दक्षिणा पेशव्यांनी ब्राह्मणांसाठी ठेवलेली होती. इंग्रजांनी तिचा उपयोग बदलला, तरी पुस्तक चांगले की वाईट हे ठरवणारे हात फारसे बदलले नव्हते. जोतीरावांनी ही हकीकत नंतर गुलामगिरीत नोंदवून ठेवली आहे. नाटक मात्र पुढे शंभराहून अधिक वर्षे छापल्यावाचून पडून राहिले.

१८६९ मध्ये त्यांचा शिवाजी महाराजांवरचा पोवाडा आला. त्याच्या प्रस्तावनेतली एक गोष्ट आपल्यातल्या प्रत्येक लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. आपण हे कुणबी, माळी, महार, मांग यांच्यासाठी लिहिले आहे, असे ते तिथे सांगतात. लांबलचक संस्कृत शब्द आपण मुद्दाम टाळले आणि भाषा या लोकांना समजेल इतकी सोपी व्हावी म्हणून फार मेहनत घेतली, असेही सांगतात. साधे लिहिणे हा त्यांनी ठरवून केलेला कष्ट होता. दुसरे काही जमत नव्हते म्हणून ते साधे लिहीत नव्हते. त्याच वर्षी ब्राह्मणांचे कसब आले आणि १८७३ मध्ये गुलामगिरी. गुलामगिरी त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, तिला इंग्रजीत प्रस्तावना लिहिली, आणि आतला मजकूर मात्र जोतीराव आणि धोंडिबा यांच्या बोलीतल्या संवादात ठेवला. इंग्रजी वाचणाऱ्या साहेबासाठी इंग्रजी, आणि चावडीवर ऐकणाऱ्यासाठी चावडीची भाषा. वाचक कोण आहे हे ज्याला नेमके कळते, त्यालाच हे जमते.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. काही महिन्यांनीच, जानेवारी १८७४ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला सुरू झाली. विष्णुशास्त्री तेव्हा चोविशीत होते. वडील कृष्णशास्त्री संस्कृतचे पंडित आणि मराठी व्याकरणावर लिहिणारे. म्हणजे जे ज्ञान जोतीरावांना शाळेतून उठवून नाकारले गेले, ते विष्णुशास्त्र्यांना घरातच मिळाले होते. पुढे १८७७ च्या सुमारास निबंधमालेत सत्यशोधक समाजाच्या अहवालाचा आणि जोतीरावांच्या पुस्तकांचा समाचार घेतला गेला. त्यात त्यांच्या भाषेची, व्याकरणाची आणि विद्वत्तेची यथेच्छ टर उडवली होती. पन्नाशीला आलेल्या, पंचवीसेक वर्षे शाळा चालवलेल्या माणसाला एक तरुण शास्त्री विभक्ती आणि लिंग-वचन शिकवत होता.

त्याच सुमाराला महाराष्ट्रात काय चालले होते, हेही पाहू. १८७६-७७ चा दुष्काळ होता. माणसे गावे सोडून जात होती. सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. जोतीराव मदतीची आवाहने लिहीत होते. सावित्रीबाई जुन्नर भागात फिरून तिथली परिस्थिती पत्राने कळवत होत्या. त्या आवाहनांत एखादा अनुस्वार राहिला असेल, एखादी वेलांटी चुकली असेल. मुलांना भाकरी मिळाली.

निबंधमालेतल्या टीकेत एक युक्ती होती, आणि ती आजही तशीच वापरली जाते. जोतीराव विचारत होते की शेतकऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या सरकारी खात्यांत एकाच जातीचे लोक का. ते विचारत होते की धर्मग्रंथांनी शूद्रातिशूद्रांना माणूसपण का नाकारले. या प्रश्नांची उत्तरे देणे अवघड होते. विभक्ती चुकली हे दाखवणे सोपे होते. एकदा वाचक हसला की प्रश्न बाजूला पडतो. ज्याची भाषाच कच्ची त्याचा विचार काय पक्का असणार, असा समज आपोआप तयार होतो. विष्णुशास्त्र्यांनी मुद्द्यांवरही टीका केली, हे खरे आहे. पण थट्टेला धार आली ती भाषेमुळे, आणि पुढच्या पिढ्यांच्या लक्षात राहिली तीही भाषाच.

शुद्ध म्हणजे काय, हेही एकदा तपासून घेऊ. जोतीराव लिहीत होते तेव्हा सर्वांना बंधनकारक असे सरकारमान्य शुद्धलेखनाचे नियम नव्हते. आज आपण ज्यांना नियम म्हणतो त्यातले १४ नियम मराठी साहित्य महामंडळाने तयार केले आणि शासनाने ते १९६२ मध्ये मान्य केले. १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली आणि १८ झाले. या नियमांनी उच्चार होत नाही असे अनुस्वार काढून टाकले. विष्णुशास्त्र्यांच्या काळी कांहीं, नाहीं, केलें असे अनुस्वार देऊन लिहिणे हीच शुद्धता होती. निबंधमालेचे एखादे पान आज दहावीच्या उत्तरपत्रिकेत जसेच्या तसे उतरवले, तर तपासणारा जवळजवळ प्रत्येक ओळीत लाल खूण करील. शे-दीडशे वर्षांत शुद्धतेची व्याख्या बदलली. जोतीरावांनी विचारलेले प्रश्न मात्र अजून बदललेले नाहीत.

याचा अर्थ नियम नकोत असा नाही. सगळ्यांनी एका रीतीने लिहिले की दूरच्या माणसाला वाचता येते, शोधता येते, छापता येते. नियम ही सोय आहे. सोयीची वस्तू जेव्हा माणसे आत घ्यायची की बाहेर ठेवायची हे ठरवू लागते, तेव्हा ती सोवळ्याचे काम करते. विहिरीवर जे काम जातीने केले, तेच काम इथे वेलांटीकडून करून घेतले जाते.

जोतीरावांचे स्वतःचे या बाबतीत मत काय होते, हे त्यांच्या कृतीतून स्पष्ट दिसते. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे आपले निवेदन दिले. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी आपण नेहमी सांगतो. त्या शिक्षणात काय शिकवावे, याची यादीही त्यांनी दिली होती. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. आणि याच यादीत त्यांनी व्याकरणही घातले आहे.

ज्या माणसाची व्याकरणावरून टर उडवली गेली, त्यानेच शेतकऱ्याच्या प्रत्येक मुलासाठी व्याकरण मागितले. चिडून त्यांनी व्याकरण ही ब्राह्मणांची गोष्ट आहे, आम्हाला नको, असे म्हटले नाही. ते मूठभरांच्या घरात कोंडलेले होते, ते सरकारी खर्चाने सगळ्यांच्या झोपडीत आणा, असे ते म्हणाले. शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा, त्यांना बरा पगार द्या, अशीही मागणी त्यांनी केली. चुका काढणारे आणि चुका सुधारणारे यांच्यातला फरक यापेक्षा स्पष्ट कुठे सापडणार नाही. निबंधमालेने चूक दाखवून माणसाला बाहेर काढले. जोतीरावांनी चूक होते ती का होते हे ओळखले आणि शाळा मागितली.

त्यांनी आपली भाषाही सोडली नाही. १८८३ मध्ये शेतकऱ्याचा आसूड पूर्ण झाला. पाटबंधारे खात्याचे पाणी, वनखात्याची कुरणे, सावकाराचे व्याज, कुलकर्ण्याचे दप्तर, शेतकऱ्याच्या घरातली चूल आणि फाटकी वाकळ यांचे इतके बारीक वर्णन त्याआधी मराठीत कोणत्याही पंडिताने केले नव्हते. त्यांना ते करता येणे शक्यही नव्हते, कारण ते शब्दच त्यांच्याजवळ नव्हते. शुद्ध मराठीच्या कोठारात नसलेला माल जोतीरावांच्या अशुद्ध मराठीत भरलेला होता. या पुस्तकाचे दुःख असे की चळवळीच्याच दीनबंधूने त्यातली दोन प्रकरणे छापून पुढची थांबवली, आणि ते पुस्तकरूपाने त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले नाही. आपल्याच माणसांनी हात आखडता घेतल्याचा हा प्रसंग आपण विसरू नये.

१८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीरावांना निमंत्रण दिले. त्यांनी ते पत्र लिहून नाकारले, आणि ते पत्र ज्ञानोदयात छापले गेले. त्याचा आशय असा की, जे लोक माणसांचे हक्क उघडपणे मान्य करत नाहीत आणि तसे वागत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही. आमच्या लोकांनी काय करायचे याचा विचार आम्ही स्वतः करू. साहित्याच्या व्यासपीठावर खुर्ची मिळावी म्हणून लेखणी घासूनपुसून तयार करणारा माणूस हे पत्र लिहू शकत नाही.

जुलै १८८८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. लिहिता हात गेला. त्या अवस्थेत त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरे केले. वयाच्या साठीनंतर पुन्हा अक्षर गिरवण्यासारखे ते काम होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. पुस्तक त्यांच्या मागून १८९१ मध्ये छापले गेले. त्यांचे समग्र वाङ्मय राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढले ते १९६९ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ७९ वर्षांनी. शुद्धलेखनाचा दंडुका एकदा बसला की त्याचा वळ किती काळ राहतो, ते या आकड्यावरून समजून घ्यावे.

बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना गुरू मानले, आणि शूद्र पूर्वी कोण होते हा १९४६ चा ग्रंथ त्यांना अर्पण केला. या तिन्ही गुरूंमध्ये भाषेचा एक धागा आहे. चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. ब्राह्मण कुळातून आलेले, बोलण्यात तरबेज असे दोन भिक्खू भगवान बुद्धांकडे तक्रार घेऊन गेले. संघात नाना जातींचे, नाना कुळांचे लोक आहेत, ते आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा ते छंदसात, म्हणजे वेदांच्या संस्कारित भाषेत घालू द्या, अशी त्यांची विनंती होती. बुद्धांनी त्यांना खडसावले आणि नकार दिला. धम्म स्वतःच्या भाषेत शिकण्याची त्यांनी अनुज्ञा दिली. ही स्वतःची भाषा म्हणजे नेमकी कोणती, यावर अट्ठकथाकार आणि आजचे अभ्यासक यांच्यात मतभेद आहेत. पण शुद्धतेच्या नावाखाली धम्म मूठभरांच्या भाषेत कोंडायला बुद्धांनी नकार दिला, हे विनयात स्पष्ट नोंदलेले आहे. न्हावी उपाली, सफाईचे काम करणारे सुनीत यांच्या तोंडून धम्म बोलला गेला तो या नकारामुळे.

सम्यक वाचेचे चार दोषही आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतो. खोटे बोलणे, चहाडी, कठोर बोलणे आणि निरर्थक बडबड. या चारांत ऱ्हस्व-दीर्घ चुकणे नाही. दुसऱ्याला चारचौघांत हिणवणे मात्र आहे.

मग आपण काय करायचे? चुकांना महत्त्व नाही असे सांगून मोकळे होणे सोपे आहे, पण ते जोतीरावांचे सांगणे नव्हे. आमच्या कामात एका अक्षराची किंमत आम्ही रोज पाहतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, जातीच्या दाखल्यावर तिसरे, आणि पडताळणीच्या कार्यालयात त्या एका वेलांटीसाठी महिनोन् महिने हेलपाटे. अत्याचाराच्या तक्रारीत तारीख किंवा जातीचा उल्लेख चुकला तर समोरचा वकील नेमकी तीच फट शोधतो. अशा ठिकाणी दोनदा नव्हे, चारदा वाचून द्यायला हवे.

आपल्या रोजच्या लिखाणातही काही चुका अशा आहेत की त्या आपण स्वतःहून सुधाराव्यात. बौद्ध हा शब्द घाईत बौध्द असा उमटतो, बुद्धचे बुध्द होते. आधी द मग ध, एवढे लक्षात ठेवले की पुरे. आंबेडकर या नावातला अनुस्वार आ वर असतो. तो सरकून बे वर गेला की आपल्या मुक्तिदात्याचे नावच मोडते. अशा फलकांचे फोटो काढून लोक हसतात. ते हसतात म्हणून नव्हे, तर नाव बाबासाहेबांचे आहे म्हणून ते नीट लिहावे. जोतीरावांचे नावही जोतीराव असेच लिहावे.

याहून मोठी चूक कोणती, तीही सांगायला हवी. बाबासाहेबांनी कधी न उच्चारलेली वाक्ये त्यांच्या फोटोखाली सुंदर, निर्दोष अक्षरांत फिरत असतात. त्यांत एकही काना-मात्रा चुकलेला नसतो, आणि तरी सगळे खोटे असते. मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलेली खरी हकीकत आणि शुद्ध मराठीत लिहिलेली थाप यांत निवड करायची वेळ आली, तर आपण हकीकतीच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.

कोणी नवे लिहीत असेल तर आधी मजकुरावर बोलावे. चूक दाखवायची असेल तर चारचौघांत नको, त्या मुलाला किंवा मुलीला वेगळे सांगावे, आणि नुसती दाखवू नये, दुरुस्त करून द्यावी. पत्रक छापण्याआधी दुसऱ्या माणसाला वाचायला द्यावे. विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास लिहिण्याचा वर्ग घेता येतो. त्याला खडू-फळ्यापलीकडे काही लागत नाही. भाषेचे शिक्षण झालेल्या आपल्यातल्या लोकांनी हे काम अंगावर घ्यावे. सावित्रीबाईंनी शेणाचे गोळे अंगावर घेत जे केले, त्यामानाने हे फारच सोपे आहे.

आणि जे लिहीत आहेत त्यांना एवढेच सांगणे की थांबू नका. चुका सुधारत जातील, नियमही बदलत जातील. तुमच्या गावात काल काय झाले हे मात्र तुम्ही लिहिले नाही, तर ते शुद्ध मराठीत दुसरे कोणी लिहिणार नाही.

जय जोती, जय भीम.